सम्राटाचा मामेभाऊ

गेल्या अंकात म्युनिकच्या बिअर महोत्सवाबद्दल एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते की, 'हे शहर बाराव्या शतकात हाइनरिख नावाच्या एका ड्यूकनं शेजाऱ्याचा पूल मोडून वसवलं.' एवढंच. बिअरबद्दल पुढे कुणीच काही विचारलं नाही, पुलाबद्दल मात्र टपालाची पिशवी भरली. बरीचशी पत्रं एकाच अर्थाची आहेत, म्हणून निवडक घेते. तांब्याच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्यांविषयी विचारणाऱ्या बाईंनी एक महिना थांबावं.

या माणसाबद्दल बोलायला मला आवडतं हे आधीच कबूल करते. १९८३ ते ८५ अशी दोन वर्षं आम्ही उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला होतो. हे प्रयोगशाळेत जायचे, मी सकाळी जर्मन शिकायचे आणि दुपारी गावभर हिंडायचे. त्या गावात औषधाच्या दुकानापासून बिअरच्या बाटलीपर्यंत जिथं तिथं सिंह. इतके सिंह पाहिल्यावर सिंहाच्या मालकाची, म्हणजे 'सिंह' म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या याच हाइनरिखची, चौकशी केल्यावाचून राहवत नाही.

माझा मुलगा तीन वर्षं म्युनिकला नोकरी करतो. जूनमध्ये तिथं शहराचा वाढदिवस साजरा करतात म्हणे. पूल मोडल्याचा वाढदिवस कसा असेल? नक्की काय झालं होतं? (एक वाचक, कोल्हापूर)

वाढदिवस पूल मोडल्याचा नाही, त्या भांडणाच्या निवाड्याचा आहे. तारीख १४ जून ११५८.

भांडण मिठाचं. आल्प्सच्या पायथ्याशी राइखेनहालला खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. ते पाणी आटवून मीठ काढायचं आणि गाड्या भरून पश्चिमेला आउग्सबुर्गच्या बाजूला न्यायचं. वाटेत ईझार नदी. ती ओलांडायला पूल होता फ्योरिंगला, आणि तो फ्रायझिंगचे बिशप ओटो यांच्या ताब्यात. पूल ज्याचा, जकात त्याची. पुलापाशी बाजार भरणार, आणि बाजाराची मिळकतही त्याचीच. दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा नवा ड्यूक, म्हणजे त्या प्रांताचा मुख्य सरदार, झालेल्या हाइनरिखला दिसत होतं की मीठ आपल्या मुलुखातनं जातंय आणि पैसा दुसऱ्याच्या पेटीत पडतोय. त्यानं नदीच्या थोडं वरच्या अंगाला, मुनिखेन नावाच्या वस्तीपाशी, स्वतःचा पूल घातला आणि फ्योरिंगचा पूल नाहीसा केला. मुनिखेन म्हणजे 'भिक्षूंपाशी', तेच आजचं म्युनिक. जुना पूल त्यानं जाळला असं सांगतात. जाळला की कुऱ्हाडीनं तोडला हे कागदात नाही. 'पुलासकट बाजार उद्ध्वस्त केला' एवढंच आहे, आणि तेही बावीस वर्षांनंतरच्या, ११८० सालच्या कागदात. त्या साली हाइनरिखविरुद्ध काहीही लिहिणं सोपं झालं होतं. त्याचं कारण पुढं येईल.

बिशप तक्रार घेऊन सम्राटाकडे गेले. सम्राट म्हणजे जर्मनी आणि उत्तर इटलीवर हक्क सांगणारा फ्रीडरिख, ज्याला तांबड्या दाढीवरून इटलीत बार्बारोसा म्हणत. आता इथं नाती नीट लावून घ्या. इंग्रजी पुस्तकं सगळ्यांना 'कझिन' आणि 'अंकल' म्हणून मोकळी होतात, आपल्याला तसं मोकळं होता येत नाही आणि ते बरंच आहे. फ्रीडरिखची आई यूडिट ही हाइनरिखच्या वडिलांची बहीण. म्हणजे हाइनरिख हा सम्राटाचा मामेभाऊ. बिशप ओटो हे सम्राटाच्या वडिलांचे सावत्र भाऊ, म्हणजे सम्राटाचे सावत्र काका. एक आजोळचा, एक वडिलांकडचा, आणि मधे नदी. शिवाय सम्राटाला त्याच उन्हाळ्यात फौज घेऊन इटलीत उतरायचं होतं.

निवाडा असा झाला: फ्योरिंगचा बाजार बंद तो बंदच, मुनिखेनचा चालू राहील, मात्र तिथल्या जकातीतला आणि टांकसाळीतला तिसरा हिस्सा फ्रायझिंगला मिळेल. बिशप त्यानंतर तीनेक महिन्यांतच वारले. हे ओटो त्या काळचे फार मोठे इतिहासकार होते, हे सांगायलाच हवं. नाहीतर पूल गमावलेले बिशप एवढीच त्यांची ओळख राहायची. त्या निवाड्यातून निघालेलं देणं म्युनिक शहर १८०३ पर्यंत फ्रायझिंगला भरत राहिलं. बिशपांची सत्ता गेल्यावर ते बव्हेरियाच्या सरकारकडे जमा होऊ लागलं आणि १८५२ मध्ये एकरकमी पैसे भरून शहरानं मान सोडवून घेतली. जवळजवळ सातशे वर्षांची बाकी. मुलाला ही गोष्ट सांगा, तिथल्या घरभाड्याचं दुःख थोडं हलकं होईल.

एका व्हिडिओत असं दाखवलं की खुद्द सम्राट हाइनरिखपुढे गुडघे टेकून मदत मागतो आणि हा नकार देतो. म्हणून चिडून सम्राटानं त्याला देशोधडीला लावलं. हे खरं का? आणि एवढ्या मोठ्या ड्यूकची जहागीर अशी एका फटक्यात काढून घेता येत होती का? (निवृत्त तलाठी, जि. सातारा)

तलाठीभाऊ, तुम्ही जन्मभर सातबारा हाताळलात, म्हणजे बखर आणि दप्तर यांतला फरक तुम्हाला शिकवायला नको. व्हिडिओवाले बखरीतून बोलतायत.

प्रसंग ११७६ च्या सुरुवातीचा, ठिकाण कोमो सरोवराच्या उत्तरेचं कियावेन्ना. उत्तर इटलीतली शहरं सम्राटाविरुद्ध एक झाली होती आणि त्याला फौज हवी होती. हाइनरिखकडे ती होती. गोष्ट अशी की हाइनरिखनं बदल्यात गोस्लार मागितलं. हार्ट्झच्या डोंगरातलं गोस्लार म्हणजे चांदीच्या खाणी. सम्राट हे द्यायला तयार नव्हता, हाइनरिख फुकट यायला तयार नव्हता. मग सम्राट गुडघ्यांवर आला. पुढं २९ मे ११७६ रोजी लेन्यानोला मिलानच्या लोकांनी सम्राटाच्या फौजेचा धुव्वा उडवला.

यातली लढाई पक्की, फौज न देणं पक्कं, भेट बहुधा झालीच असावी. गुडघ्यांचं मात्र असं आहे की ज्यांनी ते लिहिलं त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलं आणि प्रत्येकानं वेगळं लिहिलं. कुणी ठिकाण दुसरं देतो. कुणाच्या लेखी हाइनरिखचा एक नोकर धन्याच्या कानात पुटपुटतो की मुकुट पायाशी आलाय, आता डोक्यावरही येईल. कुणाच्या लेखी सम्राज्ञी नवऱ्याला म्हणते, उठा आणि हे लक्षात ठेवा. जसजसा काळ लांबतो तसतसे संवाद रंगत जातात. आपल्याकडच्या बखरी वाचलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये.

आता दप्तर. १३ एप्रिल ११८० रोजी गेल्नहाउझेनला सम्राटानं जी सनद दिली, तिच्यात हाइनरिखची ड्यूकशाही का काढली याची कारणं नोंदलेली आहेत. त्यानं चर्चच्या आणि उमरावांच्या मिळकती बळकावल्या, त्यांना छळलं, वारंवार बोलावूनही तो हजर झाला नाही, त्यानं सम्राटाच्या अधिकाराचा अपमान केला. कियावेन्नाचं नाव नाही, फौजेचा उल्लेख नाही, गुडघ्यांचा तर नाहीच. त्याचं आसन हलवलं ते शेजाऱ्यांनी. कलोनचे आर्चबिशप, हाल्बरश्टाटचे बिशप, उत्तर जर्मनीतल्या सॅक्सनीतले लहानमोठे सरदार, असे ज्यांचे ज्यांचे पूल त्यानं वीस-पंचवीस वर्षांत मोडले होते, ते सगळे फिर्यादी झाले. पूर्वी अशा तक्रारी सम्राट कानाआड करायचा, कारण मामेभावाची फौज हवी असायची. लेन्यानोनंतर ती गरज उरली नाही. त्यानं फक्त कानावरचा हात काढला. माझ्या मते एवढंच झालं.

तुमचा दुसरा प्रश्न खरा मोलाचा. आपल्या शब्दांत सांगायचं तर हाइनरिखकडे वतनही होतं आणि सरंजामही. ब्राउनश्वाइग आणि ल्युनेबुर्गच्या आसपासची जमीन घराण्याची, वंशपरंपरागत, म्हणजे वतन. सॅक्सनी आणि बव्हेरिया या दोन ड्यूकशाह्या सम्राटाच्या हातून मिळालेल्या, म्हणजे सरंजाम. सरंजाम गोड असतो आणि निसरडाही असतो, हे या माणसाला लहानपणीच कळलं होतं. वडील ११३९ मध्ये वारले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा असेल. आधीच्या राजानं वडिलांच्या दोन्ही ड्यूकशाह्या काढून घेतल्या होत्या. सॅक्सनी त्याला परत मिळाली. बव्हेरिया कुणाला मिळाली? त्याच्या आईनं दुसरं लग्न ज्या हाइनरिखशी केलं त्याला. म्हणजे सावत्र बापाला! आई वर्षभरात बाळंतपणात गेली आणि सावत्र बाप बव्हेरिया धरून बसला. हा सावत्र बाप बिशप ओटोंचा सख्खा भाऊ. आता फ्योरिंगच्या पुलाकडे पुन्हा एकदा बघा.

११५६ मध्ये सम्राट फ्रीडरिखनंच तोड काढली: सावत्र बापानं बव्हेरिया सोडायची, त्याबदल्यात त्याच्या ऑस्ट्रियाला स्वतंत्र ड्यूकशाहीचा दर्जा. ऑस्ट्रिया नावाचा देश या घरगुती वाटणीतून वर आला, असं म्हटलं तर व्हिएन्नावाले रागावतील, पण फार चुकीचं होणार नाही.

खटला ११७९ मध्ये उभा राहिला. तारखेवर तारीख पडली, वोर्म्स, माग्डेबुर्ग, पुढची. हाइनरिख एकीलाही गेला नाही. मधे एकदा दोघे भाऊ भेटले. सम्राट म्हणाला, पाच हजार मार्क चांदी दे, मी तुझ्या विरोधकांशी समेट घडवतो. हाइनरिखला रक्कम जास्त वाटली. हा संवादही बखरीतलाच आहे, पण मला तो गुडघ्यांपेक्षा खरा वाटतो, कारण असली घासाघीस मी स्वतः नात्यात पाहिलेली आहे आणि तिथंही पाच हजार वाचवायला गेलेल्याचं पुढे वाडाच गेला.

११८० मध्ये निकाल लागला. सॅक्सनीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा कलोनच्या आर्चबिशपना, पूर्वेकडचा आन्हाल्टच्या बर्नहार्टला. बव्हेरिया विटल्सबाख घराण्यातल्या ओटोला. त्या घराण्यानं ती १९१८ पर्यंत सोडली नाही, आणि ज्या बिअर महोत्सवापासून ही सगळी पत्रं सुरू झाली तो १८१० मधल्या त्यांच्याच एका युवराजाच्या लग्नाचा. सम्राटानं स्वतःकडे काहीच ठेवलं नाही, हेही बघा. फिर्यादींनाच वाटलं.

हाइनरिख वर्षभर लढला आणि मग नोव्हेंबर ११८१ मध्ये एर्फुर्टला सम्राटापुढे पालथा पडला. हे गुडघे खरे. सम्राटानं रडत त्याला उठवलं आणि चुंबन घेतलं, असं ल्युबेकचा मठाधिपती आर्नोल्ड लिहितो, आणि ती आसवं खरी वाटत नाहीत असा शेराही मारतो. वतन परत मिळालं, सरंजाम गेला, आणि तीन वर्षं देश सोडून सासऱ्याकडे जायची शिक्षा झाली. सासरा म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री.

हाइनरिखकडे खरा सिंह होता का? तो काय खायचा? (इयत्ता सहावी, सांगली)

नव्हता, बाळा. गोष्ट मात्र छान आहे. हाइनरिख परदेशी भटकत असतो, त्याला एक सिंह आणि एक ड्रॅगन झुंजताना दिसतात. तो सिंहाच्या बाजूनं लढतो. मग सिंह कुत्र्यासारखा त्याच्या मागं मागं घरी येतो, आणि हाइनरिख मेल्यावर चर्चचं दार नखांनी ओरबाडतो, आत धन्याजवळ जायला. ब्राउनश्वाइगला चर्चच्या दारापाशी दगडावर ओरखडे आहेत आणि लोक ते दाखवतातसुद्धा. मीही बोट घालून पाहिलं होतं.

हाइनरिख खरोखर लांब गेला होता, ११७२ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला. परत येताना तुर्कांच्या सुलतानानं त्याला घोडे दिले, उंट दिले आणि माणसाळवलेले दोन चित्तेही दिले असं लिहून ठेवलंय. यादीत सिंह नाही. आणि गंमत म्हणजे त्यानं वाड्यापुढं काशाचा जो मोठा सिंह उभा केला तो ११६६ च्या सुमारास, म्हणजे यात्रेला निघायच्या आधी. मग सिंह कुठून आला? त्याच्या घराण्याचं नाव होतं वेल्फ. वेल्फ म्हणजे पिल्लू, कुत्र्याचं किंवा सिंहाचंही. कुत्र्याचं पिल्लू कोण लावणार हो नावापुढं! त्याच्या नाण्यांवरही सिंहच असायचा. ती नाणी पत्र्यासारखी पातळ आणि एकाच बाजूनं ठोकलेली असायची. चित्ते काय खायचे ते तू मला शोधून कळव.

तुमचा सूर पक्षपाती वाटतो. ज्यानं म्युनिक वसवलं, ल्युबेक वसवलं, पूर्वेकडच्या रानटी टोळ्यांत धर्म आणि सुधारणा नेल्या, त्याला तुम्ही पूल मोडणारा गुंड ठरवता. शहरं गुंड वसवत नसतात. (निवृत्त अभियंता, सोलापूर)

वसवतात. ल्युबेकचंच घ्या, कारण तुम्ही नाव काढलंत.

ल्युबेक वसवलं ते होल्श्टाइनच्या काउंट आडोल्फनं, ११४३ मध्ये. आडोल्फ हाइनरिखचाच मांडलिक. गाव चालू लागलं, व्यापारी तिकडं वळले. हाइनरिखच्या बार्डोविकचा बाजार ओस पडायला लागला. त्यानं आडोल्फला सांगितलं, निम्मं ल्युबेक मला दे. आडोल्फ नाही म्हणाला. मग हाइनरिखनं हुकूम काढला की ल्युबेकला खाण्यापिण्याच्या जिनसांखेरीज काही विकायचं नाही. आडोल्फच्या हद्दीत ओल्डेस्लोला मिठाचे झरे होते आणि ते हाइनरिखच्या ल्युनेबुर्गच्या मिठाला स्पर्धा करत होते, म्हणून तेही बुजवून टाकले. झरे बुजवणं! पुलाचं निदान लाकूड तरी परत मिळतं. पुढं ११५७ मध्ये ल्युबेकला आग लागली तेव्हा त्यानं जवळच 'सिंहनगर' नावाचं आपलं गाव काढलं. ते नदीकाठी अशा जागी होतं की मोठी जहाजं पोचेनात. शेवटी आडोल्फनं कंटाळून ११५९ मध्ये ल्युबेकची जागा सोडली आणि तिथं हाइनरिखनं शहर नव्यानं उभारलं.

पण तुमचं म्हणणं मी सगळंच मोडीत काढत नाही. एकदा शहर हातात आल्यावर त्यानं जे केलं ते दूरच्या नजरेचं होतं. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, रशियापर्यंत दूत धाडले की या, व्यापार करा, वाट मोकळी आहे. बाजार दिला, टांकसाळ दिली, बिशपचं पीठ तिथं आणलं. पुढं बाल्टिक समुद्रावरच्या व्यापाराची राणी ठरलेलं ल्युबेक या पायावर उभं आहे. अभियंता म्हणून तुम्हाला जो गुण दिसला तो खरा आहे. मी फक्त पायाखाली कोणाचं घर होतं ते सांगतेय.

'रानटी टोळ्यां'बद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. एल्बे नदीपलीकडचे ते स्लाव लोक शेती करत, व्यापार करत, त्यांचे राजे होते, देवळं होती. त्यांचा राजा निक्लोट ११६० मध्ये वेर्ले किल्ल्याजवळ मारला गेला. आणि धर्माचं म्हणाल तर त्याच भागात राहणारा पाद्री हेल्मोल्ड, जो हाइनरिखचं कौतुकच करतो, तोसुद्धा लिहितो की या तरुण ड्यूकच्या मोहिमांत ख्रिस्ती धर्माचं नाव नसायचं, बोलणं फक्त पैशाचं. घरचाच साक्षीदार आहे. नंतर निक्लोटच्या मुलाशी, प्रिबिस्लावशी, हाइनरिखनं जुळवून घेतलं, त्याच्या मुलाला आपली अनौरस मुलगी दिली आणि दोघे मिळून जेरुसलेमला गेले.

'पूर्वेकडे धर्म आणि सुधारणा' हे वाक्य विसाव्या शतकातल्या जर्मनीत कुणी वापरलं तेही पाहा. १९३५ मध्ये नाझींनी ब्राउनश्वाइगच्या चर्चमधली हाइनरिखची कबर उकरली, तिथली बाकं काढून त्याचं राष्ट्रीय स्मारक केलं, कारण त्यांना पूर्वेवर स्वारी करणारा पूर्वज हवा होता. आमच्या घरमालकीणबाई त्या चर्चमध्ये लहानपणी प्रार्थनेला जात. एक दिवस गेलो तर क्रूस नव्हता, एवढंच त्या म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

त्याची बायको इंग्लंडच्या राजाची मुलगी होती असं वाचलं. लग्नात ती किती वर्षांची होती? तिला कुणी विचारलं होतं का? (वाचक भगिनी, इचलकरंजी)

नाही विचारलं. मॅटिल्डा ११५६ ची, लग्न १ फेब्रुवारी ११६८ ला मिंडेनच्या कॅथीड्रलमध्ये. म्हणजे मुलगी अकरा-बारा वर्षांची आणि नवरा चाळिशीला टेकलेला. सोयरीक सम्राटाच्या राजकारणातून ठरली होती. हाइनरिखची पहिली बायको क्लेमेंटिया. तिच्याशी ११६२ मध्ये काडीमोड झाला तो 'आपण जवळचे नातेवाईक आहोत' या कारणावर. चौदा वर्षं संसार झाला, त्यात हे नातं कुणालाच आठवलं नव्हतं.

मॅटिल्डाविषयी कागद फार थोडं बोलतात, पण जे बोलतात त्यावरून ती नुसती बाहुली नव्हती. नवरा जेरुसलेमला गेला तेव्हा ती गरोदर होती आणि ब्राउनश्वाइगला तिच्याच नावानं कारभार होता. हद्दपारीत ती त्याच्याबरोबर बापाच्या राज्यात गेली. नॉर्मंडीतल्या दरबारात एका कवीनं तिच्यावर कवनं रचली आणि ही नसती तर हा दरबार किती रटाळ झाला असता असं चक्क गाऊन दाखवलं. धाकटा विल्हेल्म याच हद्दपारीत, इंग्लंडात विंचेस्टरला जन्मला. मॅटिल्डाचा भाऊ कोण? सिंहहृदयी रिचर्ड. सिंहांची काही कमी नव्हती त्या घरात.

ब्राउनश्वाइगच्या कॅथीड्रलसाठी या दोघांनी ११८८ च्या सुमारास बायबलमधल्या चार शुभवर्तमानांची एक हस्तलिखित प्रत करून घेतली. हेल्मार्सहाउझेनच्या मठातलं काम, सोन्यानं मढवलेली पन्नास पानभर चित्रं. एका चित्रात आकाशातून हात येतात आणि हाइनरिख व मॅटिल्डा दोघांच्याही डोक्यावर मुकुट ठेवतात. ड्यूकशाही गेलेल्या माणसाच्या डोक्यावर! ६ डिसेंबर १९८३ ला ही प्रत लंडनच्या लिलावात निघाली आणि जर्मनांनी ती सव्वातीन कोटी मार्कांना परत घेतली. आमच्या घरमालकीणबाई वर्तमानपत्र पसरून आकड्यावर बोट ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्यात सगळ्या गल्लीची छपरं झाली असती." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण मुकुट तिलाही दिलाय."

११८९ मध्ये सम्राट धर्मयुद्धाला निघाला तेव्हा पाठीमागं हा काही उद्योग करील म्हणून हाइनरिखला पुन्हा तीन वर्षं देशाबाहेर जायला सांगितलं. या खेपेला मॅटिल्डा घर राखायला मागं राहिली. २८ जूनला ती गेली. तेहतिशीही उलटली नसेल. तो शब्द मोडून शरद ऋतूत परतला आणि पहिलं काय केलं तर बार्डोविक बेचिराख केलं. हो, तेच बार्डोविक, ज्याच्या बाजारासाठी ल्युबेकशी भांडला होता. गाववाल्यांनी वेशीवर पाठ फिरवून त्याला नको ते दाखवलं होतं अशी दंतकथा आहे. खरं कारण असं की पडत्या काळात त्यांनी साथ सोडली होती.

शेवटी तो थकला. ११९४ मध्ये नव्या सम्राटाच्या भेटीला जाताना हार्ट्झच्या डोंगरात घोड्यावरून पडला, पाय जायबंदी झाला. पुढचं दीड वर्ष ब्राउनश्वाइगच्या वाड्यात. जुन्या बखरी गोळा करवून, नकलून घेऊन त्या मोठ्यानं वाचून घ्यायचा आणि रात्र रात्र जागा राहायचा, असं त्याच्या ओळखीच्या एका पाद्र्यानं नोंदवलंय. ६ ऑगस्ट ११९५ ला वारला. कॅथीड्रलमध्ये दोघे शेजारी शेजारी आहेत. वरच्या दगडी मूर्ती तीस-चाळीस वर्षांनंतरच्या, त्यामुळे चेहरे त्यांचे नाहीत. पण मॅटिल्डाचे हात जोडलेले आहेत आणि वस्त्राच्या चुण्या इतक्या सुरेख की मी दर खेपेला आधी तिच्याकडंच जायचे.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? (एक वाचक, वसई)

वसईच्या माणसानं विचारावं हे बरं झालं. इंग्लंडात जन्मलेल्या त्या धाकट्या विल्हेल्मचा मुलगा ओटो. त्याला १२३५ मध्ये घराण्याच्या वतनावरच ब्राउनश्वाइग-ल्युनेबुर्गची ड्यूकशाही मिळाली. त्या वंशातला हॅनोवरचा जॉर्ज १७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं तुमच्या गावी इंग्रजांशी तह केला तेव्हा लंडनला राजा होता तिसरा जॉर्ज, हाइनरिखच्याच वंशातला. त्याची नात व्हिक्टोरिया. माझ्या आजीच्या पेटीत राणीछाप रुपया होता, कान लावलेला, माळेत ओवायला. ज्याच्या नाण्यांवर सिंह होता त्याच्या घराण्याचं नाणं असं आमच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीपर्यंत आलं. याहून जास्त संबंध मी ओढूनताणून लावणार नाही.

ब्राउनश्वाइगला जाणार आहोत. सिंह कुठं बघावा? (दाम्पत्य, ठाणे)

चौकातला बघू नका. म्हणजे बघा, फोटो काढा, पण तो खरा नाही. मी दोन वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्या चौथऱ्यापाशी नेऊन "बघा, आठशे वर्षांपूर्वीचा" असं सांगत असे. जायच्या महिनाभर आधी घरमालकीणबाईंनी हळूच सांगितलं की हवेतल्या आम्लानं काशाची चाळण व्हायला लागली म्हणून अस्सल सिंह उचलून आत नेलाय आणि बाहेर उभी आहे ती नक्कल. पाहुण्यांपैकी कुणालाही मी हे अजून कळवलेलं नाही.

अस्सल सिंह समोरच्याच डांकवार्डेरोडे वाड्यात आहे. तो वाडा मात्र हाइनरिखचा नाही, एकोणिसाव्या शतकाअखेरीस जुन्या पायावर नव्यानं बांधलेला. सिंहाचं वजन सुमारे ८८० किलो आहे, पण उभा राहतो तो मांजरासारखा हलका. पूर्वी अंगावर सोन्याचा मुलामा असावा. मागच्या बाजूनं फिरून शेपटी जरूर बघा, तिथं गर्दी नसते. वाडा सोमवारी बंद असू शकतो, आधी चौकशी करून जा.